तासावरची माणसं

आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या सात आणि माणसं अकरा. म्हणजे चौघं कायम उभी. बसलेला माणूस पेपर तपासतो, डबा खातो, डुलकी काढतो. उभ्या माणसाला काहीच करता येत नाही, म्हणून तो किस्से सांगतो! गेल्या काही वर्षांत किस्से इतके साठलेत की त्यांच्यासाठी एखादं कपाट मागून घ्यावं असं मला वाटतं. पण कपाट फक्त कायम झालेल्यांना मिळतं.

आणि आमच्याकडे कायम कोण, तर हिरामण मामा. आमचे शिपाई. बाकीचे कायमवाले एकेक करून निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. प्राचार्यसुद्धा गेली सहा वर्षं 'प्रभारी' आहेत. कॉलेज कर्जत आणि खालापूरच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच सांगते. नाव सांगितलं तर यंदाच्या नेमणुकीची ऑर्डर मिळायची नाही.

आम्ही बाकी सगळे तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पगार, नाही घेतला तर नाही. नेमणूक पावसाळ्यात सुरू, उन्हाळ्यात खलास. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. मी अर्थशास्त्र शिकवते. नऊ वर्षं झाली, दरवर्षी नवीन लागते! माझ्या शेजारी बसतात, म्हणजे उभे असतात, ते इतिहासाचे गायकवाड सर. ते सतरा वर्षं नवीन आहेत.

* * *

मुलाखतीचा दिवस हा आमच्याकडचा मोठा सण.

एकदा माझी मुलाखत दुपारी दोनला होती. एक वाजता प्राचार्य स्टाफरूममध्ये आले, माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं अर्ध्याहून जास्त संपवलं, "आईला सांगा, झकास झालंय" म्हणाले आणि गेले. दोन वाजता मी आत गेले, तर टेबलापलीकडे तेच.

"आपलं नाव?"

मी नाव सांगितलं. बिरड्याचा वास अजून त्यांच्या हाताला होता.

"या महाविद्यालयाबद्दल आपल्याला काय माहिती आहे?"

"सर, गच्चीवरच्या टाकीची चावी माझ्याकडे आहे. आणि पंपाचं बटण दोनदा दाबल्याशिवाय पाणी चढत नाही."

बाहेरून आलेले तज्ज्ञ खो खो हसले. प्राचार्य अजिबात हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे शेऱ्यात लिहिलं, 'उमेदवारास संस्थेची सखोल माहिती आहे.'

गायकवाड सरांचा किस्सा तर त्याहून वरचा. आमच्या संस्थेला तेव्हा नवीन अध्यक्ष आले होते. जमिनीच्या व्यवहारातले गृहस्थ, शिक्षणात नुकतेच उतरलेले. त्यांनी सरांचा अर्ज पुढून मागून पाहिला.

"अनुभव बराच दिसतोय. कुठे होता इतकी वर्षं?"

"इथेच, साहेब."

"मग सोडलीत का नोकरी?"

"मी नाही सोडली, साहेब. एप्रिल आला."

* * *

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमची खरी परीक्षा सुरू होते. प्रत्येकाला गावं वाटून दिली जातात आणि तिथून मुलं आणायची असतात. ज्याचा वर्ग भरणार नाही त्याचा विषय बंद, असा सरळ हुकूम. इतिहासावर तर अध्यक्षांचा डोळाच होता. इकडे एखादा डोंगर बरा दिसला की त्याच्या पायथ्याशी रिसॉर्ट उभं राहतं, तेव्हा इतिहास बंद करून 'रिसॉर्ट मॅनेजमेंट' सुरू करावं हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. "इतिहास शिकून पोरगा काय करणार?" ते विचारायचे. गायकवाड सरांचं उत्तर ठरलेलं, "विचारणार, साहेब."

तर एका वर्षी मला आणि सरांना कशेळे मिळालं. बाजाराचा दिवस धरून आम्ही पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेलो. तासभर उन्हात उभं राहून सात पत्रकं खपली. शेजारी सुकट-बोंबील घेऊन एक मावशी बसली होती. ती आमच्याकडे बघून बघून कंटाळली.

"काय वाटताय रं भाऊ?"

"कॉलेजची माहिती आहे, मावशी."

"फुकट?"

"फुकट."

"मंग ठेवा हितं. मी वाटते."

आम्ही खूश! गठ्ठा तिच्याजवळ ठेवला, वडापाव खायला गेलो. परत येतो तर गठ्ठा निम्मा संपलेला आणि मावशी शेवटच्या गिऱ्हाइकाला आमच्या 'उज्ज्वल भविष्याकडे वाटचाल' या पत्रकात पावशेर सुकट बांधून देत होती. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या आठवड्यात वरच्या वाड्यांमधून पाच मुली प्रवेशाला आल्या. सगळ्यांच्या हातात पत्रक, आणि पत्रकाआधी त्याचा वास खोलीत आलेला. आमच्या अकरा जणांत त्या वर्षी कुणालाही एका गावातून पाच मुली मिळाल्या नव्हत्या. त्यातल्या चौघींनी इतिहास घेतला.

प्राचार्यांनी अहवालात लिहिलं, 'स्थानिक व्यापाऱ्यांच्या सहकार्याने अभिनव प्रसार.' पुढच्या वर्षी पत्रकं छापायला निघाली तेव्हा गायकवाड सरांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली, "फोन नंबर मधोमध नको. पुडीची गाठ तिथे येते."

* * *

मध्यंतरी कॉलेजात मुंबईहून एक सल्लागार आणले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात रिमोट. त्यांनी आम्हाला दोन तास समजावलं की विद्यार्थी हा विद्यार्थी नसून कस्टमर आहे. कस्टमरला नाराज करायचं नाही, कस्टमरला नाही म्हणायचं नाही. मुलांनाही बसवलं होतं. मुलं कधी नव्हे ती लक्ष देऊन ऐकत होती!

दुसऱ्या दिवशी एस. वाय.चा रोशन माझ्यासमोर हजर.

"मॅडम, कालचा मागणी-पुरवठा नाय समजला. बदलून मिळेल का?"

"काल तू वर्गात होतास?"

"नाय."

"मग?"

"म्हणून तर नाय समजला!"

कस्टमरच तो. बदलून दिला.

* * *

पोशीरचा किस्साही मी स्वतः पाहिलाय, कारण ते माझं गाव आणि ते शेत माझ्या चुलत्यांचं.

आवणी सुरू झाली की आमचे वर्ग ओस पडतात. मुलं भात लावायला घरी. मुलं नाहीत म्हणजे तास नाही, आणि तास नाही म्हणजे आम्ही नुसतेच कॉलेजात येऊन गेलेली माणसं. शिवाय हजेरी कमी दिसली की अध्यक्ष लगेच रिसॉर्टचं काढणार. एका वर्षी सरांच्या इतिहासाच्या वर्गातली निम्मी मुलं आमच्या पोशीरच्याच शेतांमध्ये होती. सरांनी काय करावं? बगलेत हजेरीपट घेतला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट बांधावर येऊन उभे राहिले.

"काल आपण फ्रान्सच्या राजापर्यंत आलो होतो!"

पोरं चिखलात वाकलेली, सर बांधावर, वरून भुरभुर चाललेली. राजाचा खर्च, लोकांची उपासमार, पाव महागलेला, सगळं सर हातवारे करून सांगत होते. माझी काकू थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मास्तर, त्वांड चालू द्या, पन हात रिकामं हायेत न्हवं तुमचं? घ्या एक मूठ!"

सर उतरले. रोपांची मूठ हातात घेतली आणि लावत लावत क्रांती केली. राजाचं मुंडकं उडालं तेव्हा तिसरा वाफा पुरा झाला होता.

आमचे आजोबा बांधावर विडी ओढत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, येवढा दंगा झाला, तर त्या साली आवणी कोनी केली?"

सर कंबर धरून सरळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही गं." त्या रात्री त्यांनी मला तीनदा फोन केला, प्रत्येक वेळी उत्तराचा एकेक तुकडा घेऊन.

ऑफिसातून मात्र आठवड्याने पत्र आलं, 'हजेरीपटावर चिखल कसा, याचा लेखी खुलासा करावा.' सरांनी एका ओळीत खुलासा दिला, 'विद्यार्थी हजर होते.'

* * *

आमच्या ठोंबरेचं लग्न कसं मोडलं ते सांगायलाच हवं. ठोंबरे कॉम्प्युटर शिकवतो. वय चौतीस, स्वभावाने गरीब, दिसायला बरा. नेरळकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीचे वडील शहाणे. न सांगता कॉलेजच्या गेटवर येऊन उभे राहिले, चौकशी करायला. आणि गेटवर हिरामण मामा!

मामांचा ठोंबरेवर भारी जीव. त्यांनी पाव्हण्यांना स्वतःच्या स्टुलावर बसवलं, चहा पाजला आणि मन लावून स्तुती सुरू केली.

"पोरगा सोनं हाय बगा. सुपारीचं खांड नाय खात. आन हुशार तर येवढा, दर वर्साला मुलाखत देतो न दर वर्साला पयला येतो!"

पाव्हण्यांनी कप खाली ठेवला. "दर वर्षाला? म्हणजे दर वर्षाला काढतात?"

मामांना चूक कळली. ते सावरायला गेले. "काढत नाय हो. आपोआप निगतो!"

पाव्हण्यांनी मग मामांचीच माहिती विचारली. गाव कुठलं, किती वर्षं झाली, पेन्शन बसणार का. निघताना म्हणाले, "तुमचा मुलगा काय करतो?"

मामांची सून आता आमच्याकडे हळदीकुंकवाला येते. ठोंबरे लग्नात वाढपी होता. जेवताना मीच त्याला म्हटलं, "वाईट वाटलं का रे?" तर जिलबीचं ताट सावरत म्हणाला, "वाटलं. पण मुलगी खरंच चांगल्या घरी पडली."

* * *

आता जरा मन घट्ट करून सांगते, कारण यात हसण्यासारखं आहे तरी मला अजून राग येतो.

त्या सल्लागारांनी जाताना एक फॉर्म लावून दिला होता. विद्यार्थ्यांनी प्रत्येक शिक्षकाला मोबाइलवर एक ते पाच गुण द्यायचे. कुणी समजावून सांगितलं नाही. गेल्या मार्चमध्ये निकाल लागला, तर गायकवाड सर सगळ्यांच्या तळाला! आणि जे एक गृहस्थ वर्गात मोबाइल बघत बसायचे, ते सगळ्यांत वर. अध्यक्षांनी तो कागद बैठकीत सगळ्यांसमोर वाचला. "कस्टमर नाखूश आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी इतिहासाला माणूस बदलू. हेरिटेज टुरिझम येणारा कुणीतरी तरुण बघू. नाहीच मिळाला, तर विषयच बंद."

सर मान खाली घालून बसले होते. त्यांना पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती, तीही या बैठकीत.

मी बाहेर पडले आणि त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला गाठलं. तीच, सुकटीच्या पुडीवरून आलेली. तिला झापलंच, "काय गं, सरांना एक गुण दिलात सगळ्यांनी? लाज नाही वाटत?"

ती गोंधळली. "मॅडम, आमी तर सगळ्यांनी मिळून ठरवून दिला. सरांना एक, तुमाला दोन. त्या मोबाइलवाल्या सरांना सगळ्यांत शेवटचा नंबर, पाचवा!"

मी प्राचार्यांकडे गेले, सगळं सांगितलं. ते हळहळले, पण म्हणाले, "सिस्टीममध्ये भरलं गेलंय, मॅडम. आता बदलता येत नाही." सरांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "मग तुझा दुसरा आला म्हणायचा. अभिनंदन." घरी जाऊन मी खूप रडले. सर सेहेचाळीस वर्षांचे होते. आता दुसरीकडे कुठे नवीन लागणार होते?

* * *

आणि आता यंदाची मुलाखत.

माझी आदल्या दिवशी होऊन गेली होती, म्हणून मला फायली पुरवायला आणि चहा सांगायला आत उभं केलं होतं. इतिहासाला तीन उमेदवार. दोन तरुण पोरं, टुरिझमची सर्टिफिकिटं घेऊन आलेली, आणि गायकवाड सर. विद्यापीठाकडून तज्ज्ञ म्हणून एक मॅडम यायच्या होत्या. पत्रावर नाव नुसतं डॉक्टर आणि एक आडनाव, आम्हाला कुणालाच माहीत नसलेलं. कुठल्या तरी मोठ्या कॉलेजात कायम होत्या. शेवटचा शब्द त्यांचाच असणार होता, कारण इतिहासातलं आत बसलेल्या बाकी कुणाला काही कळत नव्हतं.

अकराची वेळ. साडेअकरा झाले तरी मॅडमचा पत्ता नाही. चौक गावाजवळ ट्रेलर आडवा पडला होता म्हणे. अध्यक्षांना एका प्लॉटवर जायचं होतं, ते चुळबुळ करायला लागले. "सुरू करा हो. गायकवाडांना घ्या आधी. ते काय, घरचेच."

सर आले, उमेदवाराच्या खुर्चीत बसले. दाराकडे पाठ, समोर अध्यक्ष आणि प्राचार्य, मध्ये तज्ज्ञांची रिकामी खुर्ची. अध्यक्षांनी तो गुणांचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"गायकवाड, हे काय आहे?"

सरांनी कागदाकडे पाहिलं. ते काही बोलणार तेवढ्यात दार ढकललं गेलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सरांच्या वर्गात उशिरा येणाऱ्याला एक नियम आहे, पहिल्या वर्षापासूनचा. मूल दारात उभं राहणार आणि विचारणार. सर मागच्या तासाचा एक प्रश्न टाकणार. उत्तर आलं की आत. बाहेर कुणालाच ठेवत नाहीत, पण विचारल्याशिवाय सोडतही नाहीत.

दारात एक बाई उभी होती. पस्तिशीची, कॉटनची साडी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, धापा टाकत असलेली. प्राचार्य अर्धवट उठले, "या या, मॅडम, आपलीच वाट..." पण मॅडमचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या खुर्चीतल्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहत होत्या. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"सर, येऊ का आत?"

सरांनी मागे वळून पाहिलंच नाही. सवयच ती! समोर अध्यक्ष आहेत, प्राचार्य आहेत, आपण उमेदवार आहोत, सगळं त्या क्षणी विसरले.

"मागच्या तासाला कुठपर्यंत आलो होतो?"

अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. मी फायली छातीशी धरून भिंतीला टेकले. संपलं, मला वाटलं. तज्ज्ञालाच प्रश्न विचारला!

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज वर्गातल्यासारखा स्पष्ट निघाला.

"एकोणीसशे सेहेचाळीसपर्यंत, सर. पुढचा तास झालाच नाही. तुमची ऑर्डर संपली होती."

सर वळले. चष्मा वर सरकवून पाहिलं. "शेलूची मनीषा ना गं तू?"

"हो सर."

"म्हणजे तुमच्या बॅचचा देश अजून स्वतंत्र व्हायचा राहिलाय." सर उठून उभे राहिले. "ये, बस. काढ वही."

मॅडम आत आल्या. तज्ज्ञांच्या खुर्चीत बसल्या, समोरची गुण देण्याची शीट उलटी केली आणि पेनाचं टोपण काढलं.